रेड्यावरचा मोठा खांब

पेण शहरात ज्याच्या हाताला शाडूची माती लागली नाही असा एकच इसम जन्माला आला, आणि तो सध्या हा लेख लिहितो आहे. बाकी अख्खं पेण गणपती करतं. जे करत नाहीत ते रंगवतात, जे रंगवत नाहीत ते विकतात, आणि ज्यांना यातलं काहीच जमत नाही ते निवडणुकीला उभे राहतात. आमचं घराणं मात्र कातारी. आजोबांनी पेणला दुकान टाकलं तेव्हा शेजाऱ्यांनी त्यांना समजावलं, "मिस्त्री, इथं ऱ्हायचं तर मूर्तीत पडा." आजोबा म्हणाले, "देव करणारे ढीग हायत. देवाच्या पाळण्याच्या दांड्या कोन करनार?" झालं. तीन पिढ्या आम्ही दांड्या करत राहिलो आणि शेजारी बंगले बांधत राहिले.

संपादकांनी माझ्याकडे 'कातारी व्यवसायातले अनुभव, प्रेरणादायी असल्यास उत्तम' अशी मागणी केली आहे. माझ्याकडे प्रेरणादायी काही नाही. ज्यांना प्रेरणा हवी त्यांनी शेजारच्या पानावरची उदबत्तीची जाहिरात वाचावी.

आधी धंदा समजून घ्या, कारण हल्ली कातारी म्हटलं की लोक विचारतात, "सूत कातता का?" सुताराचं लाकूड झोपलेलं असतं आणि सुतार त्याच्याभोवती नाचतो. आमच्यात लाकूड नाचतं आणि माणूस उभा असतो. यंत्राला समोरासमोर दोन सुळे. त्या दोन सुळ्यांत लाकूड आडवं धरायचं, गरागरा फिरवायचं, पटाशी लोखंडी टेकूवर ठेवून हळूच लाकडाला लावायची आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायची. अशा एका खेपेला आम्ही 'हात' म्हणतो. एक हात मारला की खोबऱ्यासारखा कीस निघतो आणि लाकूड तेवढं बारीक होतं. लाटणं, रवी, भोवरा, पलंगाचे खूर, देव्हाऱ्याचे खांब, सगळं असंच. निघेल ते गोल निघणार, चौकोनी मागू नये.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे. शिंप्याचं चुकलं तर तो ठिगळ लावतो, आचाऱ्याचं चुकलं तर तो पाणी ओततो. कातारी चुकला तर लाकूड पुन्हा जोडता येत नाही. मग पलंगाच्या खुराचं लाटणं होतं, लाटण्याचा भोवरा होतो, आणि भोवराही चुकला तर दात कोरायला काडी मिळते. या रस्त्याने मी माझ्या उमेदवारीच्या काळात अख्खा पलंग दातात घातलेला आहे.

आजोबांचं यंत्र म्हणजे रेडा. नाव आजीने ठेवलं. काळा, लांबलचक, जागचा हलत नाही आणि सुरू झाला की हंबरतो. देवळाचे खांब कातायचं यंत्र ते, सबंध दुकान त्याच्याभोवती बांधलेलं. पूर्वी दोन गडी पट्टा ओढून ते फिरवायचे. पुढे वडिलांनी त्याला भाताच्या गिरणीची मोटार लावली, तेव्हापासून रेडा सुरू झाला की अर्ध्या पेणचे दिवे मिचमिचायचे आणि एकदा तर हमरापूरपर्यंतच्या कोंबड्या पहाट झाली समजून ओरडल्या. खोटं वाटत असेल तर कोंबड्यांना विचारा.

मग स्टील आलं, प्लास्टिक आलं, पलंगाचे पाय लोखंडी झाले आणि पाळणे कारखान्यातून घडी घालून यायला लागले. माझ्या चिरंजीवांनी दुकानाला शटर लावून मोबाइलचा धंदा टाकला. मुलगा गुणी आहे, माझा राग नाही. त्याच जागेवर आता फोनच्या काचा बदलून मिळतात, म्हणजे मोडलेलं नीट करायचं घराण्याचं व्रत चालूच आहे. आम्ही दोघं नवराबायको रोह्याजवळ वरश्याला फ्लॅटमध्ये राहायला आलो. राहिला रेडा. ट्रकमध्ये चढवला, तर नागोठण्याला आंबा नदीचं पाणी रस्त्यावर आलं आणि ट्रक अडकला. रेडा गळ्यापर्यंत बुडाला. पाणी ओसरल्यावर पट्ट्याच्या चाकातून निघालेल्या मासळीचं कालवण ड्रायव्हर, क्लीनर आणि मी तिघांना पुरून उरलं.

वरश्याला पोचल्यावर सौभाग्यवतींनी बाल्कनीतून खाली बघून एवढंच विचारलं, "अहो, ह्याला बेडरूममध्ये घ्यायचं की मला?"

क्लबाची कल्पना केळसकर साहेबांची. आमच्याच बिल्डिंगमधले, केमिकल कंपनीतले रिटायर फोरमन. कंपनी सुटली तरी त्यांची शिफ्ट सुटली नव्हती. सकाळी सातला ते जिन्यात उभे राहून कोण उशिरा खाली उतरतं ते बघत. ताडपत्रीखालचा रेडा बघून त्यांचे डोळे भरून आले. "मिस्त्री, एवढी मशीन आयडल? क्लब काढू. परदेशात म्हणे गावोगावी असतात." परदेशात आणखीही बरंच काही गावोगावी असतं, पण ते त्यांना दिसलं नाही.

मंडळाचं नाव ठरलं 'रोहे-पेण हौशी काष्ठकातन मंडळ'. नावाचा बोर्ड जागेपेक्षा लांब झाला म्हणून 'मंडळ' कोपऱ्यावर वळवून लिहावं लागलं. जागा म्हणजे रोह्याच्या एका व्यायामशाळेमागची पत्र्याची शेड. व्यायामशाळेचे अध्यक्ष भाऊसाहेब. तरुणपणी नावाजलेले मल्लखांबपटू, असं ते स्वतः सांगत, आणि त्या वेळचं दुसरं कोणी हयात नसल्यामुळे आम्ही मान्य करत असू. ते म्हणाले, "वापरा फुकट. पण मंडळाचा समाजाला उपयोग दिसला पाहिजे. नायतर शेड मला सलीमला देयाला लागंल. तो मागं लागलाय." सलीमभाई म्हणजे भंगारवाले. त्यांना गोदाम हवं होतं. माणूस दिलदार, फक्त दर रविवारी येऊन रेड्याच्या पाठीवर थाप मारून जायचा आणि थाप मारताना मनातल्या मनात वजन करायचा.

पहिल्याच सभेला भांडण. पेणहून सातआठ मंडळी आली होती, त्यांचे पुढारी दातांचे डॉक्टर गुप्ते. रोह्याचे तेवढेच, त्यांचे पुढारी केळसकर. पहिल्या ओंडक्यावर पहिला हात कोणी मारायचा? पेणकर म्हणाले, यंत्र पेणचं. रोहेकर म्हणाले, वीज रोह्याची. हौशी लोकांना मूठभर कीस पाडायला मिळावा म्हणून ज्या त्वेषाने भांडताना मी पाहिलं, त्या त्वेषाने गावकीत जमिनीसाठीही कोणी भांडत नाही. शेवटी मी नियम काढला: मंडळाचं प्रत्येक काम सगळ्यांचं. रेड्यावर जे चढेल त्यावर प्रत्येकाचा एक हात. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढे या नियमाने काय केलं ते बघा.

पहिलं वर्ष लाटण्यांत गेलं. लाटणं सोपं, एकेकट्याचं काम. प्रत्येकाने इतकी केली की रोह्यात लग्नाला जाताना लोक आधी चौकशी करायला लागले, "मंडळातलं कोन हाय का आहेर देनाऱ्यांत?" गुप्ते डॉक्टरांच्या लाटण्याला मधोमध कंबर असे. त्याने लाटलेली पोळी मधे जाड आणि कडेला कागद. डॉक्टरीणबाई ती पोळी आणून सगळ्यांना दाखवत, जसा एक्स-रे दाखवतात. डॉक्टर पटाशी लावायच्या आधी लाकडाला सवयीने म्हणत, "थोडंसं जाणवेल हं."

मग समाजोपयोगी काम आलं. पेणजवळच्या जोह्याच्या एका मूर्तिकाराला रंगकामासाठी फिरते पाट हवे होते. मूर्ती पाटावर ठेवायची, पाट हळू फिरवायचा, रंगारी बसल्या जागी रंगवणार. साधं काम. पण केळसकरांनी कुठूनशी जुनी बेअरिंगं पैदा केली आणि पाट असे हलके केले की फुंकर मारली तरी फिरावेत. आम्ही बसने जोह्याला गेलो, पाट लावले, मूर्तिकाराने पहिल्या पाटावर मोठी मूर्ती ठेवली, रंगाऱ्याने पिवळा ब्रश सोंडेला लावला आणि त्याच्या पोराने हौसेने पाटाला टिचकी मारली. गणपती असा गरागरा फिरला की पिवळा पट्टा सोंडेवरून निघून कान, पाठ, पुन्हा कान करत सोंडेवर परत आला. रंगाऱ्याने घाबरून ब्रश खाली ओढला, तर देवाला नागमोडी पितांबर झालं. मूर्तिकार हात जोडून म्हणाला, "साहेब, मला गनपती करायचाय, लट्टू नाय." बेअरिंगं काढली, पाट साधे केले, आणि ते आजही जोह्याला चालतात. ती नागमोडी मूर्ती मात्र मुंबईच्या एका गिऱ्हाईकाने 'मॉडर्न' म्हणून उचलली. पुढच्या वर्षी तो पुन्हा आला. म्हणाला, तशीच पाहिजे. मूर्तिकार त्याला आमचा पत्ता देत होता.

आता खांबाकडे येतो.

व्यायामशाळेत मुलींना मल्लखांब शिकवायच्या राऊतबाई. नागोठण्याकडच्या भातशेतीच्या घरातल्या, बारीक चणीच्या, गळ्यात शिट्टी. बाई शिट्टीने बोलायच्या आणि अगदीच गरज पडली तर तोंडाने. त्यांचा जुना खांब पायथ्याला तडकला होता. भाऊसाहेबांनी आपल्या बागेतला वादळात पडलेला साग लाकडाच्या गिरणीत वाळत ठेवला होता, वडिलांनी लावलेलं झाड. ते आम्हाला म्हणाले, "ह्याचा मल्लखांब करा. दसऱ्याला उभा ऱ्हायला पायजे. मी स्वतः त्याच्यावर सलामी देनार. नाय झाला तर दसऱ्याच्याच मुहूर्तावर शेड सलीमला."

मल्लखांब म्हणजे कातारी माणसाची सत्त्वपरीक्षा. खाली जाड, वर निमुळता, मग मान, आणि मानेवर गोल बोंड. कुठे खाच नको, कुठे फुगवटा नको. त्यावर एरंडेल चोपडायचं आणि माणसाने पाय खांबाभोवती वळवून त्याला धरायचं. एवढं लांब लाकूड धरू शकेल असं यंत्र पंचक्रोशीत एकच, रेडा. आणि रेडा शेडमध्ये होता तोवरच रेडा होता. शेड गेली तर तो सलीमभाईंच्या काट्यावर नुसतं लोखंड. फ्लॅटच्या बाल्कनीत त्याची शेपटीही मावली नसती.

ओंडका आला त्या दिवशी बाई शेडमध्ये आल्या. "मिस्त्री, जरा बारीक करा ना. माझ्या पोरी लहान. जुन्या खांबाला त्यांच्या पायांची मिठीच बसत नाय. अर्ध्यावर जातात आन् घसरतात. मागं दोघींनी सोडलं."

भाऊसाहेब तिथेच होते. "बाई, मल्लखांब हाय तो, छत्रीची दांडी नाय! पोरी आज हायत, उद्या लगीन करून जातील. खांब पन्नास वर्सं ऱ्हानार. माप माझ्या काळचं ठेवा, मिस्त्री."

बाईंनी शिट्टी तोंडात धरली, वाजवली नाही, आणि गेल्या.

मी मापाच्या खुणा केल्या. साल काढून ओंडका गोल केला, रेडा हंबरला, वरश्याचे दिवे मिचमिचले. कामाचा माझा भाग मी मापाच्या वर चांगला अंगठाभर लाकूड ठेवून संपवला, कारण नियम होता, प्रत्येकाचा एक हात. सगळ्यांचे हात फिरले तरी माप उरेल असा माझा हिशेब. हिशेब बरोबर होता. माणसं चुकीची होती.

पहिल्या रविवारी केळसकर. एक हात मारला, जाडी मोजायचा व्हर्निअर लावला. "मिस्त्री, हिकडं आणि तिकडं केसाचा फरक हाय. टॉलरन्समध्ये नाय." म्हणून दुसरा. मग गुप्ते डॉक्टर. ते म्हणाले, केळसकरांच्या हाताने लाटा उठल्यात, त्यांनी लाटा मोडल्या. मग रोहेकरांना पेणकरांचं काम पटेना आणि पेणकरांना रोहेकरांचं. प्रत्येकाचा एक हात आणि त्या हाताची दुरुस्ती करायला दुसऱ्याचा दुसरा. मानेजवळ एक गाठ होती, ती डॉक्टरांनी कोरून दाढ भरायच्या मसाल्याने भरली. पंचक्रोशीत रूट कॅनाल झालेला हा एकमेव मल्लखांब.

मी ओरडलो. "अरे, हात आवरा! लाकूड हाय, लबाडी नाय, वाढनार कसं?" पण हौशी माणसाच्या हातात पटाशी आणि समोर फिरणारा साग, मग तो स्वतःच्या बापाचंही ऐकत नाही. कीस असा गुळगुळीत, लांब निघे की लोक तो घरी नेऊन बायकोला दाखवत.

राऊतबाई दर रविवारी चहा घेऊन यायच्या. मला वाटे, किती माया. खांबावर तळवा फिरवायच्या आणि अगदी निरागसपणे म्हणायच्या, "केळसकर साहेब, हितं हाताला काय तरी लागतंय हो." केळसकरांचा हात लगेच पटाशीकडे. पुढच्या रविवारी, "डॉक्टर, तुमच्यासारखा साफ हात कोनाचा नाय. पण हितं जरा..." डॉक्टर खुलले. थोडंसं जाणवेल हं.

मापाची खूण गेली त्या रविवारी मी रेड्याचा पट्टा काढून घरी आणला आणि उशीखाली ठेवून झोपलो. उपयोग नाही. केळसकर पट्ट्याशिवाय हाताने खांब फिरवून घासकागद मारत बसले. भाऊसाहेबांना त्यांच्या वडिलांचं नाव खांबावर हवं होतं. केळसकरांनी ते दोनदा कोरलं आणि दोन्ही वेळा पुढच्या माणसाने आडनाव कीस करून टाकलं. शेवटी त्यांनी ते कोरलं बुंध्याशी, जिथे कोणी हात लावला नव्हता.

दसऱ्याच्या आधी मी खांबासमोर उभा राहिलो तेव्हा मला कळलं की आपल्या यंत्रावर आपण नुसते बघत असताना एक देखणा, तुळतुळीत, निर्दोष आणि साफ चुकीचा खांब झाला आहे. दुसरा ओंडका नव्हता. सौभाग्यवतींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "एवढं मोठं लाटणं कुणाच्या लग्नात देणार?"

दसऱ्याला आम्ही हत्यारांची पूजा करतो. सकाळी पटाशा धुतल्या, रेड्याला झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. माळ घालताना मला माझ्या वडिलांचे हात दिसले, त्याच जागी, त्याच लोखंडावर. असलं काही मी सहसा लिहीत नाही. संपादकांना ओळी भरायला हव्या असतील म्हणून ठेवतो.

मैदानात खांब उभा केला. गावची माणसं, शाळेची पोरं, खुर्च्या, माइक. फाटकात सलीमभाईंचा टेम्पो, मागचं फळकूट उघडं, आत जाड दोरखंड. भाऊसाहेब आले. सफारीच्या खाली त्यांनी लंगोट कसला होता हे सफारीच ओरडून सांगत होती. त्यांनी खांबाकडे बघितलं. खांबाभोवती फिरले. वडिलांचं नाव शोधलं. सापडेना.

मी म्हटलं, "बुंध्यावर हाय."

"बुंधा कुठाय?"

"जमिनीत."

भाऊसाहेबांचा चेहरा दसऱ्याच्या झेंडूचा होता तो पळसाचा झाला. त्यांनी खांबावर थाप मारली आणि माइकमध्ये गर्जना केली, "मिस्त्री, हा मल्लखांब हाय का लाटनं?"

मैदान हसलं. पेणकर हसले, रोहेकर हसले. अशा ऐक्यासाठी मंडळाने काही वर्षं प्रयत्न केले होते. मी मात्र टेम्पोच्या उघड्या फळकुटाकडे बघत होतो. भाऊसाहेब पुढचं वाक्य काढणार, सलीमभाई दोरखंड काढणार. पण थाप मारताना भाऊसाहेबांच्या तळव्याला एरंडेल लागलं होतं. माइक हातातून सटकला, झेलायला गेले तर पुन्हा सटकला, तिसऱ्यांदा सटकून तो खुर्च्यांखाली गेला आणि तिथून कर्कश शिट्टी मारायला लागला.

त्याच वेळी दुसरी शिट्टी वाजली. राऊतबाईंची.

एक चिमुरडी पुढे आली. नंतर कळलं, ती सोडून गेलेल्या दोघींपैकी एक. तिने खांबाला नमस्कार केला, उडी मारून हात टाकले, आणि पाय खांबाभोवती गेले. घट्ट. दोन्ही पाय एकमेकांत अडकले. ती क्षणभर तशीच थांबली, जणू स्वतःलाच खरं वाटत नव्हतं. मग चढली. मानेपाशी गेली, वळली, उलटी झाली, सरळ झाली आणि बोंडावर उभी राहून तिने हात जोडले. दाढ भरलेल्या गाठीच्या बरोबर वर.

हसणं थांबलं. मग दुसरी. मग तिसरी. एक उतरते आहे तोवर दुसरीचे हात खांबावर. भाऊसाहेब खुर्च्यांखालून माइक घेऊन निघाले तेव्हा त्यांच्याकडे बघायला कोणी उरलं नव्हतं. त्यांनी दोनदा घसा खाकरला. गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "भाऊ, बसा ना जरा, पोरी दिसत नायत."

भाऊसाहेब बसले. आणि मी तुम्हाला खोटं कशाला सांगू, बसल्यावर त्यांचेही पाय खुर्चीखाली नकळत वळत होते. पोरगी वर चढली की त्यांची बोटं मिटत, उतरली की उघडत. एवढ्यापुरतं मी मान्य करतो, तरुणपणी ते खांबावर चढले असावेत.

सगळं आटोपल्यावर ते हळू आवाजात म्हणाले, "पोरींचं झालं. पन मोठा खांब?"

मी तोंड उघडतोय तोवर राऊतबाई मधेच म्हणाल्या, "होईल की, भाऊसाहेब. लाकूड तुम्ही द्या. शेड हायेच."

'शेड हायेच' हे बाईंनी अशा सहज सुरात म्हटलं, की जणू ते आधीपासूनच ठरलेलं असावं. भाऊसाहेबांनी सलीमभाईंकडे बघितलं, सलीमभाईंनी टेम्पोकडे. मग सलीमभाई म्हणाले, "आता रिकामा कशाला जाऊ? जुना खांब तरी द्या." तडकलेला जुना खांब टेम्पोत गेला. जाता जाता त्यांनी शेडमध्ये डोकावून रेड्याच्या पाठीवर नेहमीची थाप मारली आणि माळेतलं एक झेंडूचं फूल टेम्पोच्या आरशाला अडकवलं.

मी बाईंना चहाचा रिकामा थर्मास परत द्यायला गेलो. म्हटलं, "बाई, खरं सांगा. त्या खांबाला दर रविवारी हाताला खरंच काय तरी लागायचं?"

बाईंनी शिट्टी पदराने पुसली. "लागायचं ना. जाडी लागायची."

ह्याला झाली आता काही वर्षं. भाऊसाहेबांनी दुसरा साग दिला, मोठ्या खांबासाठी. नियम तोच, प्रत्येकाचा एक हात. तो खांब आता वरश्याच्या शाळेत आहे, लहान मुलांना अगदी बेताचा. तिसरा नागोठण्याला गेला. चौथ्याच्या वेळी पेणकरांनी हट्टच धरला, तो गेला पेणला, माझ्या मुलाच्या मोबाइलच्या दुकानाजवळच्या मैदानात. मुलगा सांगतो, संध्याकाळी गिऱ्हाइकं काच बदलायला देऊन तिथे बघत उभी राहतात. एकदा तोही रेडा चालू असताना आला होता, उभा राहून बघून गेला. पटाशी हातात घेतली नाही. घेतली असती तर मी काय बोललो असतो ठाऊक नाही, म्हणून बरंच झालं. सगळे खांब पोचवतात सलीमभाई. खांब बांधताना खाली गोणपाट घालतात, वर गोणपाट घालतात आणि ड्रायव्हरला शिव्या घालतात.

माझा हात आता थरथरतो. पटाशीला टेकू असतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

भाऊसाहेब मात्र चिवट. भेटले की पहिला प्रश्न, "मिस्त्री, मोठा खांब कधी?" मी सांगतो, "रेड्यावर चढवलाय, भाऊसाहेब. काम चालू हाय." यात एक अक्षर खोटं नाही. मोठा खांब पुरा होईपर्यंत शेड आमची, असं त्यांनीच सगळ्यांसमोर कबूल केलेलं आहे, आणि शब्दाला ते पक्के आहेत.

मागच्याच रविवारी नवा ओंडका चढवला. चांगला जाडजूड, भाऊसाहेबांच्या काळचा माल. मी गोल करून दिला, मापाच्या वर अंगठाभर राखला, रेडा थांबवला. राऊतबाई चहा घेऊन आल्या. त्यांनी खांबावर सावकाश तळवा फिरवला, एका जागी थांबल्या आणि कपाळाला आठी घातली. मी मान वळवून खिडकीबाहेर बघायला लागलो.

"डॉक्टर," बाई म्हणाल्या, "हितं जरा काय तरी लागतंय हो."